रिंगणातले तीन

प्लेट उजेडाला धरली आणि माझं डोकंच फिरलं. लाल औषधाच्या टिकलीभोवती छान गोल रिंगण पडलं होतं, अगदी स्वच्छ. आणि त्या रिंगणात, जिथं काही म्हणजे काही उगवायला नको, तिथं तीन ठिपके बसले होते. राईच्या दाण्याहून बारीक, पण बसले होते.

खिडकी कुणी उघडी टाकली, म्हणून मी मोठ्यानं विचारलं. लॅबमध्ये त्या वेळी माझ्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे उत्तरही आलं नाही.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची, सोलापूरची. आमचा दवाखाना धर्मादाय, आणि लॅबच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचे कारखाने. दिवसभर खडखडाट आणि दिवसभर तूस. सुताचा तो बारीक भुरा नाकात जायचा, चहात पडायचा, केसांत बसायचा. आमच्या कामात हवेतला एक कण प्लेटवर पडला की दुसऱ्या दिवशी तिथं भलतंच काहीतरी उगवतं. म्हणून आमच्याकडे ठरूनच गेलं होतं, की प्लेटवर नको तिथं काही दिसलं तर तूस पडलं समजायचं, प्लेट फेकायची आणि नवी लावायची. त्यात मी, प्रमिला वैरागकर, त्या लॅबची सीनियर टेक्निशियन. सोवळ्याच्या बाबतीत अख्ख्या दवाखान्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. वैरागकर बाईंच्या प्लेटवर तूस बसत नाही, असं हाडांचे डॉक्टरसुद्धा म्हणायचे. असलं कौतुक माणसाला फार लवकर चढतं. मला ते चढून बारा वर्षं झाली होती.

काम तसं सोपं असतं. पेशंटचा पू घ्यायचा, त्यातला जंतू वाढवायचा, तो पाण्यात कालवून जेलीच्या प्लेटवर एकसारखा सारवायचा. वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि प्लेट उबेला ठेवून घरी जायचं. सकाळी सगळीकडे जंतूची साय धरलेली असते, आणि जे औषध त्याला मारतं त्याच्या टिकलीभोवती मोकळं रिंगण असतं. पट्टीनं रिंगण मोजायचं आणि रिपोर्टवर लिहायचं, लागू किंवा लागू नाही. तेवढ्या दोन शब्दांवर डॉक्टर औषध ठरवतात.

ती प्लेट मल्लेशम चिप्पा यांची होती. शहराच्या पूर्व भागातले पद्मशाली, तेलुगू बोलणारे विणकर, वय बावन्न. चादरीवर मोर, फुलं, वेलबुट्टी जी काही उठते, ती मागावर चढवलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांमुळे उठते. कार्डाला जिथं भोक तिथला दोरा वर जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. ती भोकं पाडणं हे मल्लेशममामांचं काम. आलेखाच्या कागदावरची नक्षी वाचायची आणि दोन्ही हातांनी कार्ड पाडत जायचं, चाळीस वर्षं तेच. एक दिवस मशीनची सुई उजव्या अंगठ्याच्या बुडात घुसली. मामांनी हळद दाबली आणि कामाला बसले. महिन्याभरात पू मनगटाच्या हाडापर्यंत उतरला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं. हाडात शिरणारी औषधं फार थोडी असतात, ही लाल कॅप्सूल शिरते. ती लागू झाली तर हात राहील, नाहीतर मनगटाच्या वरून काढावा लागेल. हे ऐकून मामा तडक आमच्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले होते. रिपोर्ट कोण लिहितं, ते त्यांना बघायचं होतं. मी लिहिते म्हटल्यावर त्यांनी बांधलेला हात छातीशी धरून मला नीट न्याहाळलं.

"अम्मा, जरा नीट बघा," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, मामा, मी नीट नाही बघणार तर कोण बघणार. असली माझी जीभ.

आणि आता त्यांच्याच प्लेटवर तीन ठिपके. आमच्या मॅडम, डॉक्टर रझिया इनामदार, दहाला यायच्या. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, पण नजर अशी की चुकलेलं काही सुटायचं नाही. वैरागकर बाईंच्या प्लेटवर तूस बसलेलं त्यांनी बघावं, हे मला चालणारच नव्हतं. सव्वाआठला ती प्लेट मी निर्जंतुक करायच्या बादलीत टाकली. नवी लावली, आणि या वेळी जंतूचं पाणी जरा पातळच केलं. पातळ केलं की प्लेट देखणी येते. दुसऱ्या दिवशी रिंगण कोरं करकरीत निघालं. मी पट्टी लावली, आकडा टिपला, 'लागू' लिहिलं आणि मॅडमपुढे सहीला ठेवलं.

औषध सुरू झालं. आठवड्याभरात पू आटला, सूज उतरली. एकदा मामा घाबरेघुबरे होऊन लॅबमध्ये आले, चारचौघांत बोलायलाही लाजत होते. लघवी लाल होत होती. मी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. त्या कॅप्सूलनं घामसुद्धा लाल होतो, पांढरा सदरा घालू नका, मी म्हटलं. पुढच्या खेपेला ते शेंगांची चटणी घेऊन आले आणि बोटं हलवून दाखवली. अंगठा अजून आखडलेला होता, पण हलत होता. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी कुणावरच ओरडले नाही.

तीन आठवडे पुरे व्हायला आले आणि हात पुन्हा सुजला. कोपरापर्यंत लाल रेघ चढली, ताप भरला. नवा पू आला, मी प्लेट लावली. बुधवारी सकाळी काढली तर लाल औषधाच्या टिकलीभोवती रिंगणच नव्हतं. साय थेट टिकलीच्या कडेला जाऊन भिडली होती, जणू तिथं औषध ठेवलंच नव्हतं. तीच टिकली, त्याच डबीतली. डबीच खराब म्हणावी, तर शेजारच्या दुसऱ्या पेशंटच्या प्लेटवर तिनं झकास रिंगण पाडलेलं.

मला ते तीन ठिपके आठवले.

हाडांच्या डॉक्टरांनी हात काढायला शुक्रवारी अकराची वेळ ठरवली. आता दुसरी औषधं देऊन बघायला सवड नव्हती, विष वर चढत होतं. मॅडम दहाला आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावलं आणि सांगितलं, की पहिल्या प्लेटवर रिंगणात तीन ठिपके होते. मला तूस वाटलं. मी प्लेट फेकून दुसरी लावली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, आणि मी तयारही होते. पण त्यांनी एकच विचारलं.

"रंग कसा होता त्यांचा?"

"लक्षात नाही, मॅडम," मी म्हटलं.

फ्रिज उघडून त्यांनी मामांच्या पहिल्या जंतूची बाटली काढली. लाल कॅप्सूल पोटात जायच्या आधीचा जंतू, नियमाप्रमाणे जपून ठेवलेला. म्हणाल्या, चला, बघू या. मी म्हटलं आता बघून काय होणार. त्या म्हणाल्या, हाताचं काही होणार नाही, पण आपल्याला कळेल.

दहा नळ्या घेतल्या. प्रत्येकीत त्या जंतूचे मोजके काहीशे, बस. औषधाचा थेंबही नाही. दिवसरात्र उबेला ठेवल्या. जंतूची जात अर्ध्या तासात दुप्पट होते, गुरुवारी सकाळपर्यंत प्रत्येक नळी दुधासारखी गढूळ झाली, एकेका नळीत दहादहा कोटी. मग जेलीत लाल औषध मिसळून दहा प्लेटा ओतल्या. जेली शेंदरी रंगावर आली. एकेक नळी एकेका प्लेटवर अख्खी रिकामी केली आणि उबेला ठेवलं.

कामाच्या ओघात मॅडम सांगत होत्या. जंतूच्या आत त्याचा सगळा कारभार लाखो अक्षरांत लिहिलेला असतो. दोनाचे चार होताना तो दर वेळी तेवढं सगळं उतरवून काढतो. कुठंतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाया जातात, कित्येक चुकणारे मरतात. पण औषध ज्या जागी येऊन चिकटतं नेमकं तिथलंच अक्षर चुकलं, तर औषधाला चिकटायला जागाच राहत नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झाले होते. पण मला आपलं वाटायचं की औषध अंगावर आलं की जंतू शिकतो, सावध होतो, आपण ठेच लागली की सावध होतो तसा. मी तसं बोलून दाखवलं.

"तसं असेल तर दहाही प्लेटांवर साधारण सारखेच ठिपके दिसतील," मॅडम म्हणाल्या. "औषध सगळ्यांना एकाच वेळी भेटलंय."

शुक्रवारी मी साडेसातला लॅब उघडली. मॅडम माझ्या आधी येऊन पायरीवर बसल्या होत्या. दहा प्लेटा टेबलावर ओळीनं मांडल्या. पाच कोऱ्या होत्या, पुसल्यासारख्या. तिघींवर एकेक, दोनदोन ठिपके. एकीवर नऊ. आणि सहाव्या नळीच्या प्लेटवर ठिपकेच ठिपके. मी मोजले, परत मोजले. एकशे त्रेचाळीस.

मी उभी होते ती स्टुलावर बसले. कारण मला कळलं. त्या सहाव्या नळीत एकच जंतू कधीतरी चुकला होता, औषध यायच्या आधीच, नळीत त्याचा थेंबही नसताना. कुणी शिकवलं नव्हतं, कसली गरज नव्हती, पुढं काय येणार याचा पत्ता नव्हता. तो चुकला आणि बाकीच्यांबरोबर वाढत गेला, त्याची पोरं वाढली, नातवंडं वाढली. दहा कोटींच्या गर्दीत ते एकशे त्रेचाळीस कुणाला ओळखूही आले नसते. मग औषध आलं, सगळी गर्दी मेली, आणि हे राहिले. बारा वर्षं मी या जंतूंना घाण म्हणत आले होते, हात धुऊन टाकत आले होते. त्या सकाळी खरं सांगते, हात जोडावेसे वाटले. एवढीशी ती जात, ना डोळे ना डोकं, आणि आम्ही काढलेल्या औषधाचं उत्तर तिच्यापाशी आमच्या आधी तयार होतं.

मामांच्या मनगटातही तसेच काही असणार, पहिल्या दिवसापासून. मी पातळ पाणी केलं, त्यात ते आले नाहीत इतकंच. एकट्या लाल कॅप्सूलनं बाकीचे मारले आणि त्यांना रान मोकळं करून दिलं. पहिल्याच रिपोर्टवर मी खरं लिहिलं असतं, तर डॉक्टरांनी जोडीला दुसरं औषध दिलं असतं. दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या चुका एकाच जंतूत जुळून याव्यात, एवढे जंतू कुणाच्या हातात मावत नाहीत.

अकरा वाजता वरच्या मजल्यावर मामांचा हात मनगटाच्या चार बोटं वरून काढला. मी खाली रक्ताच्या काचपट्ट्या बघत होते. एकही धड दिसली नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मामा पट्टी बदलायला आले आणि तिथून सरळ लॅबमध्ये. उजवी बाही गुंडाळून पिन लावलेली. मॅडमही होत्या. मामा म्हणाले, माझा हात ज्यानं खाल्ला तो मला दाखवा.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या दहा प्लेटा मी सील करून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, का ते मलाच माहीत नव्हतं. काढल्या, टेबलावर मांडल्या. मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं, नळ्या, दुप्पट होणं, अक्षर चुकणं. मला वाटलं या माणसाला यातलं काय कळणार. ते मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे कार्ड उतरवताना एक भोक चुकलं," ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

"आणि कार्ड पाडतो कोण याचं?"

कुणीच नाही, मॅडमनी सांगितलं. तो स्वतःचं स्वतःच पाडतो.

मग मामांनी विचारलं, कितीत एक चुकतो. मॅडमनी आकडा सांगितला, या एका जागी, दहा कोटींत एखादा. त्यांनी डाव्या हाताची बोटं मिटत काहीतरी हिशेब केला आणि हसले. हात गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"मी चाळीस वर्षांत दहा कोटी भोकं पाडली नसतील, आणि चुका हजार तरी केल्या असतील. लई मोठा कारागीर हाय हा."

त्यांनी सहावी प्लेट उचलली, खिडकीकडे धरली आणि एकेक ठिपका बघत राहिले. चेहऱ्यावर राग शोधला तर सापडला नाही. एखाद्या उस्तादाचं काम बघावं तसं ते बघत होते. मला ते सहन होईना. मी म्हटलं, मामा, तुमच्या पहिल्या प्लेटवरच हे दिसले होते. तीन होते. मला तूस वाटलं, मी प्लेट फेकली. तसं झालं नसतं तर कदाचित तुमचा हात राहिला असता.

मागचे माग खडखडत होते. मामांनी प्लेट खाली ठेवली.

"रंग कुठला होता?"

त्यांनी हे विचारणं साहजिक होतं. जन्म नक्षीत गेलेला माणूस पहिल्यांदा रंगच विचारणार. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगता आलं असतं. पण समोर ती पिन लावलेली बाही होती.

"सोनेरी," मी म्हटलं. "बाकीच्या सायीसारखाच."

तूस पडलं की पांढरं उगवतं, हिरवट उगवतं, केसाळ उगवतं. बारा वर्षं बघत होते मी. सोनेरी म्हणजे तोच जंतू, हे मला प्लेट उजेडाला धरली त्याच क्षणी कळलं होतं. कळलं आणि मी ते कळू दिलं नाही. माझ्या प्लेटवर डाग नको होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मामा रागावतील, शिव्या देतील, रडतील, मी सगळ्याला तयार होते. ते हळूच बोलले.

"कार्ड चुकलं वाटलं तर आम्ही फेकत नाही, अम्मा. आधी वीतभर विणून बघतो."

मी कपाट उघडून रजिस्टर काढलं. त्यांच्या नावापुढे माझ्या सुवाच्य अक्षरात 'लागू' लिहिलेलं होतं. त्याच्या खाली जागा होती तिथं मी त्या दिवशीची तारीख घातली आणि लिहायला लागले. अक्षर फाटक्या लुगड्यासारखं झालं. मामांना तेलुगू वाचता यायचं, मराठी नाही. ते म्हणाले, काय लिहिलं ते वाचा.

मी वाचलं. पहिल्या प्लेटवर लाल औषधाच्या रिंगणात तीन वसाहती होत्या, रंग सोनेरी. त्या पाहूनही प्लेट फेकली. दुसरी प्लेट जंतूचं पाणी पातळ करून लावली आणि लागू असा रिपोर्ट दिला. पेशंटचा उजवा हात काढावा लागला. प्रमिला वैरागकर.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. एवढी वर्षं आलेखावरची नक्षी ते अशीच मनात उतरवत असतील, चौकटीमागून चौकट. संपल्यावर त्यांनी मला पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग डावा हात टेबलावर टेकवून उठले.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. "पुढच्याचं चुकवू नका."